सिस्टरच्या हातची सलाईन

संघरत्ना सिस्टर खिरपाड्याच्या उपकेंद्रात रुजू व्हायला आली, तेव्हा कुलूप उघडायच्या आधीच एक पेशंट ओट्यावर आडवा झालेला होता. डोक्याखाली घोंगडीची वळकटी, सदऱ्याची बाही कोपराच्या वर गुंडाळलेली आणि डावा हात उताणा करून पुढे सोडलेला. पन्नाशीचा, काळा तुकतुकीत, उधळलेला बैल शिंगाला धरून थांबवील असा गडी.

"लाव," तो म्हणाला.

"काय लावू?"

"बाटली."

संघरत्नाच्या एका हातात ट्रंक होती, दुसऱ्यात बदलीचा कागद. डोळखांबला एसटी सोडून ती दोन तास चिखल तुडवत आली होती. साडीचा काठ गुडघ्यापर्यंत लाल झाला होता. तिने ट्रंक खाली ठेवली आणि त्याचा पुढे केलेला हात धरून नाडी पाहिली. नाडी घड्याळासारखी चालत होती. जीभ बघितली. जीभ ओली होती, तंबाखूने रंगलेली.

"होतंय काय तुम्हाला?"

"होयाला कशाला पायजे? लावणी संपली. अंगात काय राह्यलं नाय."

"सकाळी जेवलात?"

"चार भाकऱ्या. नि सुकटीची चटणी." मग जरा खोल आवाजात, "भूकच मेली हाय. एरवी सहा खातो."

संघरत्नाने त्याला समजावलं. सलाईन म्हणजे मीठपाणी. जुलाब-उलट्यांनी, रक्त जाऊन, भाजून, कशानेही माणसाच्या अंगातलं पाणी गेलं आणि तोंडाने घेणं जमेनासं झालं, की ते शिरेतून द्यायचं. तुमच्या अंगात काही कमी नाही.

"मीठपाणी?" तो ताडकन उठून बसला. "मीठपाण्यात घालायला मी काय कैरी हाय?"

आणि घोंगडी खांद्यावर टाकून तो उतरणीला लागला. अंगात काही न उरलेल्या माणसाच्या मानाने तो फारच झपाझप गेला.

हा काळूराम. गाव त्याला काळूबाबा म्हणे. ही गोष्ट १९९१ सालच्या ऑगस्टातली.

उपकेंद्राच्या किल्ल्या रंभाकडे होत्या. ती पलीकडच्या ठाकूरपाड्यातली, उपकेंद्रातली अर्धवेळ मदतनीस. झाडलोट, पाणी भरणं, सुया उकळणं आणि अख्ख्या खोऱ्यातल्या घराघराची बातमी ठेवणं ही तिची कामं. पैकी शेवटचं ती पूर्णवेळ करी.

"बाय, तू त्याला परत लावलास, आता गाव तुला नापास करणार," कुलूप काढत रंभा म्हणाली. "तो बाजाराच्या गावात खाजगी डॉक्टरकडं जातो. वर्षाला दोन बाटल्या घेतो. लावणी झाली की पांढरी, झोडणी झाली की पिवळी."

"पिवळी कशाला?"

"पिवळीत ताकद असते. पांढरीत नुसता थंडावा."

पिवळा रंग जीवनसत्त्वाच्या एका सुईने येतो हे संघरत्नाला ठाऊक होतं. पण गावाला जे ठाऊक होतं ते वेगळंच होतं. बाटली लावून आलेल्या माणसाच्या हातावर चिकटपट्टी असे आणि ती पट्टी आठ-आठ दिवस कुणी काढत नसे. आंघोळीला हात वर धरत. एका नवरदेवाने हळदीचा हात वर केला तो पट्टीवाला, आणि नवरीकडची माणसं म्हणाली, घर खातंपितं दिसतंय.

संघरत्ना सापगावची. घरात चार बहिणी, ही धाकटी. वडील रामा हे दीक्षा घेतलेल्यांपैकी. मोठ्या तिघींची नावं आजीच्या मनाची ठेवली गेली, पण चौथीच्या वेळी त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. नाव ठेवलं संघरत्ना आणि पाचवीतच जाहीर करून टाकलं की ही नर्स होणार. ती झालीही. ट्रेनिंगमध्ये तिची ख्याती एकाच गोष्टीची होती. ज्याची शीर कुणाला सापडत नसे, त्याची तिला सापडे. डोळे मिटून बोटाने चाचपायची. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, पोरीचे डोळे बोटांच्या टोकाला आहेत. लग्न झालं ते धम्मपालशी. तो मुरबाड तालुक्यात झेडपीच्या शाळेत मास्तर. नवरा मुरबाडकडे, बायको डोळखांबच्या डोंगरात, आणि संसार शनिवार-रविवारचा, तोही गाडी वेळेवर आली तर.

खिरपाड्यात तिने पहिलं काम हाती घेतलं ते जुलाबाचं. पावसाळ्यात दरसाल कुणी ना कुणी लेकरू त्यात जाई. तिच्याकडे जलसंजीवनीच्या पुड्यांचं खोकं होतं. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक पुडी, घोटघोट पाजत राहायचं, एवढं सोपं. पुडी नसली तर साखर, मीठ आणि पाणी, चवीला डोळ्यातल्या पाण्याहून खारट नको. घरोघर जाऊन तिने हे सांगितलं. बायका ऐकायच्या. पुरुष म्हणायचे, पाणी तर आमच्या घरी पण हाय, त्याला नर्स कशाला पायजे?

पुड्या मात्र भराभर संपू लागल्या. संघरत्ना खूश. मग एका बारशाला तिला बोलावणं आलं. तिथे पाहुण्यांना लिंबू पिळलेलं सरबत दिलं जात होतं. पहिल्याच घोटाला तिने ती चव ओळखली. घरधनी कौतुकाने म्हणाला, "तुमचीच पुडी, बाय. बेस लागते."

त्या रात्री ती न जेवता निजली, आणि सकाळी रंभाने एक गोष्ट सुचवली.

"बाय, लोकांना पाणी नको असं नाय. लोकांना टांगलेलं पाणी पायजे."

दोघींनी मिळून एक रिकामी बाटली उकळून घेतली, तिच्यात जलसंजीवनी भरली, ती खिडकीच्या गजाला उलटी टांगली, खाली नवी नळी जोडली आणि सुईच्या जागी नळीचं टोक ठेवलं मोकळं. जो येईल त्याला खाटेवर आडवं करायचं, टोक तोंडात द्यायचं आणि वरची चक्री फिरवून थेंब मोजून सोडायचे. थेंब मोजायची तशी काहीच गरज नव्हती. पण संघरत्ना घड्याळ हातात धरून, ओठ हलवत मोजायची, आणि पेशंटचा चेहरा निम्मा तिथेच सुधारायचा. गावात नाव पडलं, तोंडाची सलाईन. सुई नाही, दुखत नाही, आणि टांगलेली तर आहेच. चिकटपट्टीही मिळे. रंभा ती मनगटावर लावी, ज्याला हवी त्याला.

दोन पावसाळे हे बिनबोभाट चाललं. मग जिल्ह्याहून एक मोठे साहेब पाहणीला आले. आत पाऊल टाकतात तो खाटेवर सत्तरीची म्हातारी उताणी, वर सलाईन टांगलेली आणि म्हातारी नळी तोंडात धरून चुटूचुटू ओढतेय. साहेबांचा रंग उडाला.

"सिस्टर! ही... ही सलाईन पितेय!"

"हो साहेब," संघरत्ना म्हणाली. "ती प्यायचीच आहे."

पंधरा मिनिटं तिने खुलासा केला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि शेरा लिहायला वही उघडली. बराच वेळ पेन हवेत राहिलं. अखेर त्यांनी "परिसर स्वच्छ" एवढंच लिहिलं आणि जीपमध्ये बसले.

सगळं गाव तोंडाच्या सलाईनला वश झालं, एक काळूराम सोडून. "नळी तोंडात धरणं वासराचं काम," तो म्हणे. तो उपकेंद्रात यायचा, पण अंगणात उभा राहून बोलायचा. संघरत्नाने चहा विचारला की त्याचा उपास असे. सोमवारी महादेवाचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा, आणि मधल्या वारी नेमकं पोट बिघडलेलं. त्याची बायको गिरजा बिनदिक्कत चहा प्यायची, वर बशी पुसून ठेवायची. हा मात्र पेरूच्या झाडाखाली उभा.

हे उपास संघरत्नाने पहिल्याच महिन्यात ओळखले होते. न ओळखायला ती काय परमुलखातली नव्हती. तिची आजी ओंजळ धरून वरून पाणी घ्यायची, आणि तिच्या वडिलांना चहा द्यायची वेळ आली की लोकांच्या घरातली साखर संपायची. तिने मनाशी ठरवलं होतं, चहाचं काय, नाही प्यायला तर आपली साखर वाचली. औषधाच्या वेळी येईल सरळ.

ती वेळ आली ९७ च्या जुलैत. तीन दिवस पाऊस असा कोसळला की ओढा विहिरीत शिरला. विहीर आणि ओढा यांत काय काय मिसळलं ते सांगायला नको. चौथ्या दिवशी सकाळी सहाजण, दुपारी अठरा, दुसऱ्या दिवशी चाळीस. पांढरे, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब आणि उलट्या. संघरत्नाने चिठ्ठी देऊन डोळखांबच्या आरोग्य केंद्राकडे माणूस पिटाळला आणि शाळेचा ताबा घेतला. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं, जीप येणं शक्य नव्हतं. तिथले डॉक्टर अनिल आले ते कमरेला दोर बांधून, ओढा ओलांडून. मागे चार माणसं डोक्यावर खोकी घेऊन.

डॉक्टर अनिल म्हणजे कोवळं पोरगं, कॉलेजातून नुकतंच सुटलेलं. इतके पेशंट त्याने एका जागी परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा पाहिले नव्हते, कारण तिथे ते एकावेळी एक यायचे.

"किती बाटल्या आणल्यात, सर?"

"चाळीस."

"आणि पेशंट बेचाळीस. ज्याला पिता येतंय त्याला पाजायचं. ज्याची शुद्ध हरपतेय, नाडी लागत नाही, त्यालाच शिरेतून. चालेल?"

"पुस्तकात असंच आहे," डॉक्टर म्हणाला. त्याला जरा धीर आलेला दिसला.

शाळेत टांगायला स्टँड कुठले? एक बाटली भारताच्या नकाशाच्या खिळ्याला लागली, एक शाळेच्या घंटेला, दोन खिडकीच्या गजांना. वाऱ्याने घंटेची बाटली हलली की टण् होई आणि आजारी पोरंसुद्धा शाळा सुटली म्हणून दचकून उठत. रंभाने आपला ओढणीएवढा पदर खोचला आणि घरोघरची पातेली चुलीवर चढवली. उकळलेलं पाणी, पुडी, ढवळ, गाळ, पाज.

याच गर्दीत काळूराम स्वतःच्या पायाने आला, सहा जुलाब झालेले. रिकामी सतरंजी बघून आडवा झाला आणि हात पुढे केला. संघरत्नाने नाडी धरली. नाडी होती, चांगली होती.

"काळूबाबा, तुम्हाला पिता येतंय. ही कळशी घरी न्या. दर जुलाबाला दोन फुलपात्री. संपली की परत या."

"आज तरी बाटली लाव गो."

"आज बाटल्या कमी नि माणसं जास्त आहेत. प्या म्हणजे बाटली लागणार नाही."

त्याने कळशीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग त्याने कळशी उचलली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरजा पावसात बोंबलत आली. मागे चौघेजण घोंगडीची झोळी करून काळूरामला घेऊन. झोळीतून काढला तो काळूराम नव्हताच, त्याचं वाळवण होतं. डोळे कवटीत गेलेले, बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली, हातपाय बर्फ. संघरत्नाने पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, ओल्या कापडाच्या घडीसारखी. मनगटाला नाडी नाही. मानेला कुठेतरी लांब, असल्यासारखी.

डॉक्टर अनिलने डावा हात घेतला, सुई घातली. शीर नाही. उजवा घेतला. नाही. परत डावा. त्याच्या कपाळावरून घाम सुईवर टपकला. पाणी आटलं की शिराही आटतात, ओढ्याने तळ गाठावा तशा.

"सिस्टर, मिळत नाही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बारावीतल्या मुलासारखा झाला.

संघरत्ना काळूरामच्या पायाशी उकिडवी बसली. घोट्याच्या आतल्या हाडाच्या किंचित पुढे एक शीर असते. ती दिसली नाही तरी जागा सोडत नाही. तिने चिखलाने भरलेला पाय मांडीवर घेतला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, आणखी एकदा पुसला, डोळे मिटले, बोट ठेवलं.

"माझे बाय, पाय नको गो धरू त्याचा!" गिरजा रडत म्हणाली.

"गप," रंभा म्हणाली. "ती पाया पडत नाय, शीर बघतेय."

सुई गेली. नळीत लाल ठिपका उमटला. संघरत्नाने चक्री सताड उघडली. "रंभा, बाटली दाब!" रंभा चिंच कोळतात तशी दोन्ही हातांनी बाटली दाबू लागली. पहिली गेली, दुसरी जोडली. दुसरी निम्मी होते तोच डॉक्टर ओरडला, "हाताची शीर आली!" मग तिथेही एक लागली. दोन्हीकडून पाणी आत. सगळी शाळा, ज्यांना मान उचलता येत होती ते सगळे, मान उचलून बघत होते. ज्याच्या तोंडावर गिरजाने मघाशी पदर ठेवायचंच बाकी ठेवलं होतं, त्या माणसाचे गाल हळूहळू भरले. पोटाची कातडी जागेवर बसू लागली. तिसऱ्या बाटलीला मनगटाची नाडी लागली. चौथीला डोळे उघडले. काळूरामने छताकडे पाहिलं, नकाशा पाहिला, खिळ्याला टांगलेली बाटली पाहिली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं,

"पिवळी नाय?"

डॉक्टर अनिल खाली बसला आणि हसू लागला. बराच वेळ त्याला थांबता येईना.

संघरत्ना हसली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. कळशीभर जलसंजीवनी दिलेला माणूस एका दिवसात एवढा सुकला कसा? ती गिरजाकडे वळली. "किती प्यायला होता?"

गिरजाने खाली पाहिलं. "पडवळाच्या वेलाला घातलंन."

"काय?"

"सगळी कळशी. मी सांगितला त्याला, मी पिते, माझा काय झाला? तर म्हणतो, तू बाईमाणूस, तुला चालतं. मी तिच्या हातचं पाणी पेन तर भावकीत तोंड कसा दाखवू?"

संघरत्नाच्या कानशिलांत रक्त चढलं. दोन दिवस ती बसली नव्हती. काय काय बोलावं ते सगळं जिभेवर आलं, आजीपासूनचं. पण तिने आधी हाताची चक्री कमी केली, थेंब मोजले, नाडी पुन्हा पाहिली. मग म्हणाली,

"काळूबाबा, चार बाटल्या गेल्यात तुमच्या आत. सुई कुणाच्या हातची?"

काळूरामने डोळे मिटून घेतले. "बाटली कंपनीची हाय."

"कंपनीची. सुई कुणाच्या हातची?"

मग एक डोळा उघडून त्याने डॉक्टरला हळूच विचारलं, "आता ते बाहेर काढता येतं काय?"

"येतं की," डॉक्टरच्या आधी रंभाच बोलली. "कालपासून बाहेरच येत होतं ना? तेच तर बायनं बंद केलं. परत चालू करू?"

सतरंजीवरून सतरंजीवर हसू पसरत गेलं. पोट धरून हसणं त्या दिवशी कुणालाच परवडणारं नव्हतं, तरी हसले. दोघांना त्यापायी घाईने बाहेर न्यावं लागलं.

बाटल्या उरल्या होत्या पाच. तीन पोरं अजून धोक्यात होती. "आता याला तोंडानेच," डॉक्टर म्हणाला. संघरत्नाने त्याच्या समोर पाणी घेतलं, त्याच्या समोर पुडी फोडली, ढवळलं, फुलपात्र भरून त्याच्या उशाशी ठेवलं आणि दुसऱ्या पेशंटकडे निघून गेली. पाजलं नाही. आग्रह केला नाही.

काळूराम फुलपात्राकडे बघत पडून राहिला. मग त्याने गिरजाला विचारलं, "आज वार कुठला?"

"बुधवार."

"बुधवारी माझा पोट..."

"पोटाचा नाव काढशील तर बघ!" गिरजा एवढ्याने कडाडली की घंटेची बाटली हलली. तीस वर्षांच्या संसारात त्याने हा आवाज ऐकला नव्हता.

त्याने फुलपात्र उचललं. प्यायला. ओठ पुसले. "खारट हाय," एवढंच म्हणाला, आणि रिकामं फुलपात्र पुढे केलं.

खिरपाड्यातलं त्या पावसाळ्यात एकही माणूस गेलं नाही. साहेब पुन्हा आले, या वेळी शेरा मोठा लिहिला. विहिरीला कठडा झाला. हे सगळं चांगलंच झालं, पण संघरत्नाच्या दृष्टीने एक मोठा घोळ होऊन बसला. मेलेला काळूराम चार बाटल्यांत उठला, ही बातमी खोऱ्यात पसरली. सहा वर्षं जिवाचं रान करून तिने लोकांना पाण्याकडे वळवलं होतं, ते एका दुपारीत धुऊन गेलं. तोंडाच्या सलाईनकडे कुणी बघेना. पुढच्या लावणीनंतर उपकेंद्रापुढे रांग लागली, आणि रांगेतला प्रत्येकजण आडवा होऊन हात नव्हे, पाय पुढे करू लागला. घोट्यातून दिलेली जास्त लागू पडते म्हणे.

तिला यातून सोडवलं ते काळूरामने. त्याने काही समाजसेवेचा वसा घेतला नव्हता. त्याला रांग बघवली नाही एवढंच. ज्याच्यासाठी आपण मरणाच्या दारात जाऊन आलो, ते आता लावणीने कंबर धरलेल्या कुणीही मागावं? तो ओट्यावर ठाण मांडून बसला आणि एकेकाला तपासू लागला.

"लघवी होते काय?"

"होते."

"डोळे आत गेलेत?"

"नाय वाटत."

"पोटाची कातडी वर धर. सोड. बसली? मग नीघ. बाटली काय कुणालाबी लागते? आधी मरावं लागतं. आत जाऊन पाणी पी सिस्टरकडचं."

डॉक्टर अनिलला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, कॉलेजात आम्हाला हे शिकवायला सहा महिने घेतले होते. एकदा मात्र काळूरामने स्वतः एका गड्याला पाठुंगळीला मारून आणलं, "ह्याची कातडी उभी राह्यते!" असं ओरडत. ती खरंच उभी राहत होती. तो गडी वाचला.

म्हणून सगळं गोडगोड झालं असं नाही. त्या वर्षी गौरीला काळूरामने तिला जेवायला बोलावलं. ती गेली. पंगतीत बसवलं, सगळ्यांच्या ओळीत. पण वाढणारी त्याची भावजय भाजी जरा उंचावरूनच सोडत होती. काळूरामला दिसलं की नाही, कोण जाणे. तो खाली मान घालून जेवत होता. संघरत्नाने ताट पुढे सरकवून दुसऱ्यांदा भाजी मागितली, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी भावजयीचा हात दुखला असावा, पळी खाली आली. घरी येऊन तिने धम्मपालला हे पत्रात लिहिलं. त्याचं उत्तर आलं, भाजी कसली होती?

२००४ साली तिची बदली मुरबाड तालुक्यात झाली. तेरा वर्षांनी नवरा-बायको एका छपराखाली येणार होती. निरोपाला रंभा रडली, आणि गिरजाने जाहीर केलं की बायला एकटीला सामान लावता येणार नाही, मी सोबत जाते, तीन दिवसांत येते. सदतीस वर्षांत एक माहेर सोडलं तर ती कुठे राहिली नव्हती. काळूराम "जा की" म्हणाला, कारण चारचौघांत दुसरं काही सुचलं नाही.

तीन दिवस गेले, चार गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी काळूराम दोन एसटी बदलून मुरबाडच्या दारात हजर झाला. सदरा इस्त्रीचा, चेहरा उतरलेला. धम्मपाल मास्तर ओट्यावर वह्या तपासत होता. त्याने पाट दिला, पाणी दिलं. काळूराम ते एका दमात प्यायला आणि म्हणाला, "तिला घेऊन जायाला आलोय."

गिरजा आतून बोलली, "अजून दोन दिवस लागतील. मांडणी लावायची हाय."

"मांडणी काय दोन दिवस लागते?"

"नीट लावायची तर लागते."

परतीची शेवटची गाडी गेली होती. संघरत्नाने भाकऱ्या थापल्या, बोंबलाचं कालवण केलं. धम्मपालने वाढलं. काळूराम पहिल्या भाकरीला गप्प होता, दुसरीला मास्तरच्या पगाराची चौकशी केली, तिसरीला पावसाची.

स्वयंपाकघरात संघरत्नाने हळूच विचारलं, "मावशी, खरंच काय राहिलंय लावायचं?"

"काय नाय राह्यलं गो," गिरजा तव्यावर भाकरी उलटत म्हणाली. "पण माझा हात जरा मोकळा हाय इथं. राहू दे त्याला पण दोन दिवस. मास्तर वाढतो, त्याला सवय होऊ दे. घरी जाऊन वाढायला लावीन."

बाहेरून काळूरामचा आवाज आला, "अजून एक हाय काय गो?"